पळापळ आणि रमतगमत

मित्रांनो, मी एक जुनी, तीन चाकांची बाबागाडी आहे, आणि स्वस्थ उभे राहणे म्हणजे काय ते मला आजवर कळलेले नाही. मला जिन्याखाली भिंतीला टेकवून ठेवले आहे. ब्रेक लावलेला आहे, अंगावर पोते टाकलेले आहे. तरी बाहेरचे दार आपटले की माझे पुढचे चाक थरथरते. वरून कुणी घाईने उतरू लागले की वाटते, आले, आपल्यालाच न्यायला आले! मग पावले तशीच पुढे निघून जातात आणि मी पुन्हा भिंतीकडे तोंड करून राहते.

माझा जन्म कारखान्यातला नाही. सायकली दुरुस्त करणाऱ्या एका काकांच्या दुकानात मी घडले. एके दिवशी एक बाई चार इवल्या चाकांची साधी बाबागाडी घेऊन त्यांच्याकडे आल्या. कडेवर बाळ होते, पदराला एक मुलगी लोंबकळत होती.

"काका, ही ढकलत पळता येईल असं काहीतरी करून द्या."

काकांनी पाना खाली ठेवला. "पळायचं? कुणी मागे लागलंय का तुमच्या?"

"चौदा मिनिटं लागलीयेत मागे," बाई म्हणाल्या.

त्या चौदा मिनिटांची गोष्ट अशी होती. बाई अग्निशमन दलात होत्या. आठ वर्षे त्यांनी आगीच्या बंबावर काम केले होते. दुसऱ्या बाळासाठी घेतलेली रजा आता संपत आली होती, आणि पुन्हा रुजू होण्याआधी चाचणी द्यावी लागणार होती. मैदानाला सहा फेऱ्या, चौदा मिनिटांत. जमले तर बंबावर, नाही जमले तर वर्षभर फोनच्या टेबलावर. टेबल काही वाईट नसते. पण जिला शिडीच्या शेवटच्या पायरीवर उभे राहायची सवय आहे, तिला खुर्ची टोचते.

काकांनी लहान सायकलींची तीन चाके शोधून काढली, सांगाडा जोडला, पुढे एक फळी बसवली. दांडीवर जुन्या टायरची रबरी पट्टी गुंडाळली. मला रस्त्यावर ढकलून पाहिले आणि डोके खाजवले.

"पुढचं चाक किंचित वाकडं आहे. डावीकडे ओढेल. उजव्या हातानं जरा दाबून धरा, होईल सवय."

मित्रांनो, हे वाक्य जपून ठेवा. ते पुढे लागणार आहे.

आता माझ्या घरच्यांची ओळख करून देते. त्या बाई म्हणजे आमची आई. आत बसायचे ते आठ महिन्यांचे बाळ इतके गुबगुबीत होते की त्याला सगळे ठोंब्या म्हणत. पुढच्या फळीवर पाय सोडून बसायची ती पाच वर्षांची भिंगरी. हे नाव तिला का पडले ते तिच्याजवळ दोन मिनिटे उभे राहिलात तर कळले असते. आणि बाबा. ते बेकरीत कामाला होते. पहाटे निघायचे ते दुपारी परतायचे, अंगाला भट्टीचा वास आणि हातात तुटक्या बिस्किटांची पुडी. सकाळी मुलांना सांभाळायला दुसरे कुणी नव्हते, म्हणून आई त्यांना घेऊनच पळे.

रोज साडेसहाला आम्ही मैदानावर. आईच्या मनगटावर घड्याळ, ठोंब्याच्या तोंडात अंगठा, भिंगरीच्या हातात बिस्कीट. माझी चाके खरखरत. शेजारच्या आजी खिडकीतून बघायच्या आणि म्हणायच्या, "पोरांना हवा, आईला व्यायाम. एका दगडात दोन पक्षी!" मला त्या कौतुकाने गुदगुल्या होत. पण पक्ष्यांना कुणी विचारले नव्हते.

खरी अडचण एका शब्दाची होती. आई रोज सकाळी दार उघडताना म्हणायची, "चला, फिरायला!"

फिरायला म्हटले की भिंगरीच्या डोळ्यांपुढे तळे यायचे. तळ्यातली बदके, घसरगुंडी, काठावरचा फुगेवाला. आणि आम्ही जायचो मैदानावर. एक फेरी, दुसरी फेरी, तिसरी फेरी. तोच खांब, तीच चिंच, तोच झोपलेला कुत्रा.

"आई, आपण फिरायला कधी जायचं?"

"अगं, फिरतोय की!"

"हे गोल गोल फिरणं आहे. मला फिरायला जायचंय."

"बोलू नकोस गं मध्ये. श्वास लागतो."

चाचणीला पाच आठवडे उरले तेव्हा आईला सहा फेऱ्यांना साडेसोळा मिनिटे लागत होती. तिची चिडचिड मला दांडीतून कळायची. बोटे रबरी पट्टीत रुतायची. झोपेत ठोंब्या हसला तरी ती घड्याळाकडेच बघे. मीही तिच्याच वाणाची होते म्हणा. थांबलो की माझा जीव कासावीस व्हायचा. भिंगरीला सू लागली तरी मला वाटे, आवर बाई लवकर.

मग तो रविवार आला. आदल्या दिवशी संध्याकाळी आई म्हणाली, "उद्या सगळे फिरायला. तळ्यावर. नक्की." सकाळी तिघे तीन तऱ्हांनी तयार झाले. भिंगरीने फ्रॉक घातला आणि बकलाचे नवे लाल बूट. बाबांनी डबा भरला, सतरंजी घेतली, वर उशीही घेतली. आणि आई बुटांच्या नाड्या आवळून, मनगटावर घड्याळ लावून उभी राहिली.

"हे काय?" बाबा म्हणाले.

"तळं तीन किलोमीटर आहे. मी मुलांना घेऊन पळत येते, तुम्ही डबा घेऊन बसनं या. माझा दिवस बुडायला नको."

"अगं, आज रविवार आहे."

"चाचणीला रविवार कळत नाही."

"बरं बाई. मी निदान उशी तरी सुखात नेतो."

आम्ही निघालो. शाळेच्या कोपऱ्यापर्यंत सगळे ठीक होते. पुढे चढ लागला आणि माझ्या फळीवरून काहीतरी सटकले. भिंगरीचा डाव्या पायातला बूट.

"आई, थांब."

"हा चढ होऊ दे."

"आई, थांब ना. माझा..."

"दोन मिनिटं, राजा. फक्त दोन मिनिटं."

मला ठाऊक होते. मी डावीकडे ओढ घेतली, होती नव्हती तेवढी सगळी. आईने उजवा हात दाबला आणि मला सरळ केले. मित्रांनो, गाडीला तोंड नसते. भिंगरी सहा वेळा थांब म्हणाली, मी मोजले आहे. सातव्यांदा ती म्हणाली नाही.

तळ्यावर पोहोचताच आईने घड्याळ दाबले. "जमलं!" ती ओरडली. "बघ, भिंगरे, आपल्याला जमलं!" मग तिला तो उघडा पाय दिसला.

भिंगरी रडत नव्हती. तेवढ्यात बाबा उशी बगलेत घेऊन आले, त्यांच्याकडे बघून ती म्हणाली, "आईनं मला फिरायला नाही आणलं. नुसतं आणलं. मी काय सामान आहे?"

सगळे त्याच वाटेने परत फिरले. झाडाखाली, गटाराच्या कडेला, शाळेच्या पायरीमागे शोधले. बूट सापडला नाही. उरलेला एक बूट आईने माझ्या खालच्या जाळीत टाकला. त्या दिवशी बदकांकडे कुणी पाहिले नाही. उशीवर डोके ठेवून एकटा ठोंब्या झोपला.

दुसऱ्या दिवशी साडेसहा वाजले आणि दार उघडलेच नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. आईने मला गॅलरीत नेऊन ठेवले आणि बाबांना सांगितले, "बस झालं. बसेन मी टेबलावर. निदान पोरगी हाक मारेल तेव्हा ऐकू तरी येईल."

बाबांनी तिच्यापुढे चहा ठेवला आणि ते बाजूला झाले. बेकरीवाल्यांना ठाऊक असते, कणीक तिंबून झाली की तिला काही वेळ हात लावायचा नसतो.

त्या दिवसांत मी गॅलरीत तडफडत होते आणि आई घरात. तेच पातेले ती दोनदा घासायची. दारापर्यंत जायची, कडीला हात लावून परत यायची. खिडकी, ओटा, दार. दार, ओटा, खिडकी. आठव्या दिवशी भिंगरी चित्र काढता काढता म्हणाली, "आई, तू आता घरातच फिरतेस."

आई मटकन खाली बसली. आधी हसली, मग तिचे डोळे भरून आले. "मग काय करू गं? बाहेर फिरले तर तुझा बूट पडतो, घरात फिरले तर तुला दिसतं."

भिंगरीने खडू खाली ठेवला. "फिरायला म्हणायचंच नाही. घोटाळा होतो. दोन नावं ठेवू या."

त्या दुपारी मायलेकींनी नावे ठेवली. ठोंब्या साक्षीला होता. पळायचे त्याचे नाव पळापळ आणि दुसऱ्याचे रमतगमत. पळापळीत कुणी थांब म्हणायचे नाही. पण काही पडले तर "पडलं!" असे ओरडायचे, आणि मग आईने जागच्या जागी थांबायचे, चढ असो की उतार. रमतगमतीत घड्याळ घरी ठेवायचे, आणि कुणीही थांब म्हटले की सगळ्यांनी थांबायचे, कारण विचारायचे नाही.

"घड्याळ कुठे ठेवायचं?" आईने विचारले.

"बाबांच्या उशीखाली," भिंगरी म्हणाली. "तिथं ते झोपेल."

दुसऱ्या दिवशी सकाळी दार उघडले. "आज काय?" आईने विचारले. "पळापळ!" मित्रांनो, माझी तिन्ही चाके एकदम मोकळी झाली. सहा दिवस पळापळ आणि रविवारी रमतगमत. रमतगमत मला जड जायची, खोटे कशाला बोलू? मुंग्यांची रांग दिसली, थांबा. फुगेवाला दिसला, थांबा. बाबांना दम लागला, थांबा. एकदा ठोंब्या "थां" म्हणाला तेव्हाही आम्ही रस्त्याकडेला पाऊण तास बसलो, कारण नियम म्हणजे नियम. आईचे मनगट उघडे असायचे आणि दुसऱ्या हाताची बोटे सारखी तिथे जायची. तिलाही ते सोपे नव्हते. पण पळापळीत आता तिचे कान सारखे फळीकडे लागलेले नसत. पडले तर पोरगी ओरडेल, हे तिला ठाऊक होते. साडेसोळाची पंधरा झाली. शेवटच्या आठवड्यात, मला ढकलत, चौदा मिनिटे वीस सेकंद.

"गाडीशिवाय तर तू उडशील," बाबा म्हणाले.

चाचणीच्या दिवशी आम्ही सगळे दोरीच्या बाहेर उभे होतो. मी, माझ्यात ठोंब्या, फळीवर भिंगरी, दांडी धरून बाबा. शिट्टी झाली आणि आई निघाली. निघाली तीच दोन्ही मुठी पुढे धरून, जणू दांडी हातात आहे.

बंबावरचे तिचे सोबती खदखदा हसले. "अहो वहिनी, बंब ढकलत नेताय का?"

मला हसू आले नाही, कारण मी पाहत होते. सरळ रस्ता आला की आई हळूहळू उजवीकडे सरकत होती. इतके महिने माझी डावी ओढ तिने उजव्या हाताने दाबली होती. आज मी नव्हते, पण तिचा उजवा खांदा मात्र माझ्याशी भांडतच होता. प्रत्येक फेरीत ती मैदानाच्या बाहेरच्या कडेला जात होती आणि तिची वाट लांबत होती. तिसरी फेरी संपताना वेळ नोंदवणाऱ्या साहेबांनी पुकारले, "सात मिनिटं पंधरा!" आईचा चेहरा उतरला. मुठी आणखी आवळल्या.

माझे चाक थडथडू लागले. माझे ते वाकडेपण आता तिला बंबावरून खाली ओढत होते आणि मला एक शब्द बोलता येत नव्हता. भिंगरी फळीवर चुळबुळत होती. थांब म्हणायचे नव्हते. पडले तर काहीच नव्हते. तिने माझ्याकडे पाहिले, आईच्या मुठींकडे पाहिले आणि फळीवर उभी राहून किंचाळली,

"आई, गाडी नाहीये! हात सोड! आम्ही इथं आहोत!"

आईने धावता धावता आपल्याच हातांकडे पाहिले. मुठी उघडल्या, हात खाली आले, खांदा सैल पडला. ती आतल्या रेषेवर आली, आणि मग मी तिला कधी पळताना पाहिले नव्हते तशी ती पळाली. तेरा मिनिटे बावन्न सेकंद. सोबत्यांनी तिला उचलले. ती मात्र त्यांच्या खांद्यावरून ओरडत होती, "अरे, खाली सोडा, माझी पोरं तिकडे आहेत!"

त्याला खूप वर्षे झाली. ठोंब्या आता मला उचलून फेकील एवढा आडदांड झाला आहे. मला कधी कुणी विकले नाही, पण तेलही घातले नाही. माझ्या रबराला चिरा पडल्या आहेत आणि जाळीतल्या लाल बुटात कोळ्याने घर केले आहे.

मागच्या आठवड्यात मात्र पोते उचलले गेले. आई होती. केस पांढरे, गुडघ्याचे ऑपरेशन झालेले. डॉक्टरांनी रोज चालायला सांगितले आहे, आणि आधाराला दिलेली, धरून चालायची चौकट तिने नाकारली आहे. "ती म्हाताऱ्यांची असते. माझी गाडी आहे ना खाली?" सोबत भिंगरी होती. आता ती नोकरी करते, कानाला फोन, पायात घाई.

"पळापळ की रमतगमत?" तिने फोन बाजूला धरून विचारले.

"पळापळ," आई म्हणाली, आणि आम्ही गोगलगायीसारखे निघालो. मी डावीकडे ओढले. तिने उजवा हात दाबला. विसरली नव्हती.

शाळेच्या कोपऱ्यापुढे, त्या चढावर, आई म्हणाली, "थांब."

भिंगरी फोनवर बोलत चार पावले पुढे गेली होती. तिथल्या तिथे उभी राहिली. "मी नंतर बोलते," एवढेच म्हणून तिने फोन बंद केला आणि मागे आली. काही पडले आहे का ते तिने रस्त्यावर पाहिले. काही पडले नव्हते. आईला फक्त थांबायचे होते. दोघी माझ्या दांडीवर हात ठेवून चढाकडे बघत राहिल्या.

मित्रांनो, तुमच्या घरातल्या मोठ्या माणसाला पळायचे असेल तर त्याला पळू द्या, आणि तुम्हाला रमायचे असेल तर तसे सांगा. एकाच शब्दात दोन्ही कोंबू नका. कुणी थांब म्हटले, तर सातव्यांदा म्हणेल याची वाट पाहू नका. आणि जिन्याखाली कुणी जुनी गाडी असेल तर तिच्या चाकांना दोन थेंब तेल घाला.

दार वाजले बहुतेक. साडेसहा झाले असतील. पोते कधी काढणार?