जीवरामच्या बाजूचं हँडल

गाडीच्या दाराचं हँडल तोतारामच्या हातात आलं, तसे मिश्रीलाल शेठ पेढीच्या पायरीवरून कडाडले, "हात आहेत का फावडी रे? तुझ्या भावाने एवढी वर्षं गाडी चालवली, एक खिळा सैल होऊ दिला नाही!"

मेलेल्या भावाचं नाव काढून टोचायची शेठजींची ही जुनी खोड. तोतारामला झोंबायचं, पण तोंडातून ब्र काढायचा नाही. काढणार कसा? उपकार का थोडे होते!

चार पावसाळ्यांमागे धुळ्याहून जळगावला येताना शेठजींची आधीची अॅम्बेसेडर एका नाल्याच्या पुरात तोंडावर कलंडली. स्टिअरिंग जीवरामच्या छातीवर बसलं, त्याला आतून हलता येईना. बाहेरून कोणी दार उघडून ओढला असता तर पोरगा वाचला असता. शेठजी मागच्या दाराने निसटले होते. दहाव्याला त्यांनी असोद्याला जीवरामच्या घरी येऊन सगळ्या भाऊबंदांसमोर डोळ्यांत पाणी आणून सांगितलं, "हँडल ओढून ओढून हाताची सालटी निघाली हो, पण दार जाम! माझ्या डोळ्यांदेखत गेला." बेबाबाईने, जीवरामच्या आईने, ते हात आपल्या कपाळाला लावले. एवढा मोठा माणूस आपल्या पोरासाठी पुरात उभा राहिला, म्हणजे काय झालं! पुढे शेठजींनी धाकट्या तोतारामला जीवरामच्या जागी ठेवलं. तेव्हापासून दर आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, ही बाई आधी मेलेल्या पोराला पाणी पोचावं म्हणून त्याच्या नावाची घागर भरायची आणि मग पुरणपोळीचा डबा घेऊन शेठजींच्या पाया पडायला जळगावला यायची.

नवं हँडल जळगावात कुठे मिळेना. आखाजी उद्यावर आलेली, त्या दिवशी शेठजींना व्याह्यांकडे जायचं होतं, आणि मोडक्या दाराची गाडी व्याह्यांच्या दारात उभी करणं म्हणजे नाक कापून घेणंच. तोताराम धुळ्याला निघाला. आपली जुनी गाडी तिथल्या नथ्थू भंगारवाल्याने उचलली, हे त्याला ठाऊक होतं. पण इतक्या दिवसांत तिकडे पाऊल टाकायचा त्याला धीर झाला नव्हता.

गाडी तिथेच होती. काचा गेलेल्या, चाकं गेलेली, रंग मात्र तोच राखाडी. तोतारामने तिच्याकडे पाठ केली.

"ड्रायव्हरच्या बाजूचं हँडल पाहिजे," तो म्हणाला. "पण हिचं नको. हिचं दार जाम आहे. दुसऱ्या कुठल्या गाडीचं दे."

नथ्थूने तंबाखूची पिंक टाकली. "कोनी सांगं तुले?"

आणि त्याने दोन बोटांनी हँडल दाबलं. दार उघडलं. कुरकुरलंसुद्धा नाही.

"तू दुरुस्त केलंस?"

"भंगार कोन दुरुस्त करस, भाऊ?" नथ्थू हसला. समोर कोण उभं आहे, हे त्या बापड्याला काय माहीत! "गाडी काढाले तठे मीच गयथू ना. पानी कमरीलोंग व्हतं. मी हात लावा अन् दार उघडी गयं. पोऱ्या मरी जायेल व्हता."

"आणि शेठ?"

"तो वर धोंडावर बसेल व्हता. मांडीवर बॅग. कोरडी ठन्न!"

तोताराम मटकन खाली बसला. मग उठून त्याने ते दार लावलं, उघडलं, पुन्हा लावलं, पुन्हा उघडलं. एकदा तरी अडावं, एकदा तरी! मेलं एकदाही अडलं नाही. शेवटी त्याने नथ्थूचा पाना मागून घेतला, दाराचा आतला पुठ्ठा काढला आणि हँडल स्वतःच्या हाताने सोडवलं. आता हेच लावायचं, आणि त्या हरामखोराला माझ्या मायसमोर विचारायचं, असं त्याने मनाशी घट्ट केलं.

आखाजीच्या सकाळी शेठ पांढराशुभ्र झब्बा घालून बाहेर आला. बेबाबाई डबा घेऊन ओट्यापाशी उभीच होती.

"वा! मिळालं वाटतं," शेठ म्हणाला. "कुठून आणलंस?"

"आपल्या जुन्या गाडीचं. जीवरामभाऊच्या बाजूचं."

शेठचा हात हँडलकडे गेला होता, तो तसाच राहिला.

"माय, ते दार जाम नव्हतं," तोताराम म्हणाला. नथ्थू, दोन बोटं, धोंडा, कोरडी बॅग, सगळं त्याने भडाभडा ओकून टाकलं. "यानं हातच लावला नव्हता, माय! भाऊ आत मरत होता आणि हा बॅग घेऊन बसला होता!"

शेठ बेबाबाईकडे बघत राहिला.

बेबाबाईने डबा ओट्यावर ठेवला आणि खाडकन तोतारामच्या थोबाडात मारली.

"लाज नही वाटत? ज्याचं खातो त्याच्यावर भुकतो?"

"माय, मी माह्या हातानं उघडून पाह्यलं..."

"चूप!" तिने त्याची गचांडी धरली. "दार उघडत व्हतं म्हन्तो? मंग माह्या जीवरामनं हाका मारल्या आसतीन. आयकनारा तठीच बसला व्हता म्हन्तो? आन मी इतके साल कोनाचे पाय धरले मंग? सांग ना, कोनाचे धरले?" तिने गचांडी आणखी आवळली. "आत्ता पानी पाजून आली मी त्याले. पान्यात मेलेल्या पोराले पानी पाजून आली. मले पुन्हा नको मारू रे. म्हन, दार जाम व्हतं."

"माय..."

"म्हन!"

तोतारामने शेठकडे पाहिलं. लिलावात समोरच्याची बोली कुठे थांबते ते बघावं, तसा शेठ शांतपणे त्याच्याकडे बघत होता.

"दार जाम व्हतं, माय," तोताराम म्हणाला.

"शेठजीचे पाय धर."

त्याने धरले.

"राहू द्या हो, बेबाबाई," शेठ म्हणाला. त्याने पुरणपोळीचा डबा दोन्ही हातांनी उचलून कपाळाला लावला. "सख्खा भाऊ गेला, डोकं फिरतं माणसाचं. मी काही मनात धरत नाही."

मग तो गाडीत जाऊन बसला. तोतारामने गाडी सुरू केली, तसा तो मागून हलक्या आवाजात म्हणाला, "हँडल मात्र चांगलं मिळालं हो तुला. राहू दे हेच."