कोरी

चौघांच्या टोळक्यात तिला सगळे शेपटी म्हणत. तिला राग यायचा नाही. शेपटी तर शेपटी, अंगाला चिकटलेली तरी असते! मागचं अख्खं वर्ष तिने एकटीने डबा खाल्ला होता. त्यापेक्षा हे बरं.

टोळक्याच्या म्होरक्या मॅडम. वय पंधरा, पण थाट असा की मित्रमैत्रिणीही 'मॅडम' म्हणत. त्या हसल्या की सगळे हसणार, त्यांचं तोंड उतरलं की सगळ्यांची तोंडं एरंडेल प्यायल्यासारखी. शनिवारी त्यांनी फर्मान काढलं, "आज प्यायची!" आणि मॅडम, लंबू, ढब्बू अशा तिघांच्या नजरा शेपटीकडे वळल्या. तिचे बाबा शिंपी. दर शनिवारी संध्याकाळी मित्र पत्ते कुटायला येत, तेव्हा बाबा कापडाच्या ताग्यांमागून आपली खास बाटली काढत. ज्याने त्याने आपापली आणायची, या बाटलीला कुणी हात लावायचा नाही, असा दंडकच होता.

शेपटीने हात लावला.

दुपारी लंबूच्या गच्चीवरच्या खोलीत ग्लास भरले. "पाणीबिणी नको हं, कोरीच!" मॅडम म्हणाल्या. शेपटीने घोट घेतला आणि ती चमकलीच. अहो, घरचा चहा दोन्ही वेळा तीच ठेवते, तिची जीभ कशी फसेल? कोरा चहा होता. बिनसाखरेचा, गार.

"कडूजहर आहे, म्हणजे भारीतली," लंबू म्हणाला. पाच मिनिटांत ढब्बू भिंत धरून चालायला लागला. मॅडम "माझं कुण्णी नाही गं" म्हणत शेपटीच्या गळ्यात पडून ढसाढसा रडल्या. मग ढब्बूही रडला, त्याला कारण काही सापडेना. आता खरं सांगायचं? सोमवारपासून पुन्हा एकटीचा डबा! शेपटीने ग्लास रिकामा केला आणि झोकांडी खाल्ली.

घरी येऊन ती रिकामी बाटली ताग्यांमागे सरकवत होती, तोच गळ्यात टेप अडकवलेले बाबा समोर उभे. आता पाठ सोलून निघणार, तिने डोळेच मिटले.

"कुणाला कळलं?" बाबांनी हळूच विचारलं.

"नाही. सगळ्यांना चढली."

"सुटलो बाई!" बाबा मटकन खुर्चीत बसले. "डॉक्टरांनी दम दिल्यापासून बंद आहे गं. दोन वर्षं झाली."

"मग मित्रांना सांगून का टाकत नाही?"

बाबांनी टेप बोटाला गुंडाळला, सोडला, पुन्हा गुंडाळला. "मग येतील का गं ते?"

 म्हणजे हे पंचेचाळिशीतही संपत नाही? शेपटीने जाऊन पातेलं गॅसवर चढवलं.

"कोराच ना?"

"कोराच. आणि जरा कडक कर. गेल्या शनिवारी मला नीट चढलीच नाही."