शेवटच्या वक्त्याचा वक्ता

"थांब," डोळे न उघडता ओटाकर म्हणाले. "मी मेलोय. मेलेल्या माणसाशी इतकं गोड कोणी बोलत नाही."

हर्षिताने कागद खाली केला. मागच्या अंगणात, सफरचंदाच्या झाडाखाली, ओटाकर लांब खुर्चीवर आडवे झाले होते. हात छातीवर, बुटांच्या नाड्या नीट बांधलेल्या. वय ब्याऐंशी.

"पुन्हा वाच. आणि मला ऐकवू नकोस. मागच्या रांगेत एक बहिरा बसलेला असतो. नेहमी असतो. त्याला ऐकव."

कुंपणापाशी खुर्ची टाकून रत्नाबाई मेथी निवडत होत्या. नागपूरहून लेकीकडे सहा महिन्यांसाठी आल्या होत्या. इंग्रजी येत नव्हतं, पण ही तालीम त्यांनी एकदाही चुकवली नव्हती.

"काय म्हणते बुवा?"

"मोठ्याने वाच म्हणतात."

"बरोबर म्हणते. तुझा आवाज तुझ्या बापावर गेलाच नाही."

*

पहिला खर्डा

ओटाकर १९२४ साली पिल्झेन या झेक शहरात जन्मले. तेव्हा त्यांचा देश सहा वर्षांचा होता. त्याआधी तीनशे वर्षं तो व्हिएन्नाच्या बादशहाचा होता. ओटाकर शाळेत असताना जर्मन आले. पुढे कम्युनिस्ट आले. मग ओटाकर तिथून निघाले.

("'निघाले' नको. 'पळाले' लिही. डोक्यावर कपड्यांचं बोचकं घेऊन नदीत उतरलेला माणूस निघत नसतो.")

*

शिकागोच्या पश्चिमेच्या या उपनगरात एके काळी बेकरी, बँक, व्यायामशाळा, सगळं झेक लोकांचं होतं. आता बेकरीच्या जागी मेक्सिकन किराणा होता आणि व्यायामशाळेत योगाचे वर्ग चालत. उरलं होतं ते स्मशान. फार पूर्वी एका पाद्र्याने एका झेक बाईला पुरायला जागा नाकारली. तिने मरण्याआधी चर्चमध्ये पापांची कबुली दिली नव्हती म्हणे. लोक चिडले, आणि वर्गणी काढून त्यांनी शहराबाहेर स्वतःची जमीन घेतली. तिथे पाद्री नाही, प्रार्थना नाही. कबरीपाशी एक वक्ता उभा राहतो आणि माणूस कसा जगला ते सांगतो. स्वर्गाविषयी बोलायचं नाही, खोटं बोलायचं नाही, एवढेच दोन नियम.

ओटाकरांचे काका असे वक्ते होते. त्यांच्यानंतर ओटाकर झाले. त्यांनी मित्र पोचवले, शेजारी पोचवले, बायकोलाही स्वतःच बोलून निरोप दिला. आता ओटाकरांसाठी बोलणारं कोणी उरलं नव्हतं. मुलगी हेलन ॲरिझोनात होती. ती स्पष्ट म्हणाली होती, "पपा, कोणी मिळालं नाही तर मी चर्चमधून माणूस बोलावेन. कोणीच काही न बोलता तुम्हाला मातीत घालणार नाही."

वसंतात दोन घरांमधल्या कुंपणापाशी बोलता बोलता हर्षिताने आपल्या वडिलांचं सांगितलं होतं. ते, धर्मराज, गेले तेव्हा भटजी आला नव्हता. त्रिशरण, पंचशील झालं आणि मग वस्तीतली माणसं एकेक करून उठली, बोलली. रेल्वेतला एक हमालही बोलला. ओटाकरांनी हातातला पाण्याचा पाइप खाली ठेवला होता. पाणी बराच वेळ त्यांच्या बुटांवरून वाहत राहिलं.

"तू बोलशील?" त्यांनी विचारलं होतं.

*

हर्षिताच्या नवऱ्याला, कुशलला, फोनवर हे कळलं तेव्हा तो क्लायंटच्या गावी, डेन्व्हरला होता. इथल्या झेक लोकांना जुनी माणसं 'बोहेमियन' म्हणत, तोच शब्द हर्षिताने वापरला होता.

"बोहेमियन फ्युनरल? मस्त यार! गिटार, वाइन, आणि सगळे उशिरा येणार."

हर्षिताने ते ओटाकरांना सांगितलं. ते इतके हसले की खोकला लागला.

"माझा काका बोहेमियन. तेहेतीस वर्षं कारखान्यात, एकदाही उशीर नाही. पॅरिसच्या लोकांना वाटलं की भटके जिप्सी आमच्या देशातून येतात, म्हणून त्यांनी घरभाडं चुकवणाऱ्या चित्रकारांना आमचं नाव दिलं. आम्हाला कोणी विचारलं नाही." मग डोळे पुसत म्हणाले, "पण मला ती पोरं आवडतात. एकाला बादशहा नको, एकाला पाद्री नको, एकाला भाडं नको. खाज एकच."

*

दुसरा खर्डा

…त्यांनी पंचेचाळीस वर्षं लेथवर काम केलं. ते चांगले पोहत असत. अडुसष्टमध्ये प्राग शहरात रशियन रणगाडे आले तेव्हा ते तीन दिवस रेडिओपाशी बसून होते. त्यांना स्वातंत्र्य प्रिय होतं. स्वतःचं आणि सगळ्यांचं.

ओटाकरांनी डोळे उघडले आणि ते कोपरावर रेलून उठले.

"हे मी सांगितलं नव्हतं."

"नाही. मी घातलं."

"सुंदर आहे. पुन्हा वाच."

तिने वाचलं. रत्नाबाईंनी मेथीची जुडी बाजूला ठेवली.

"मेलेला उठून बसला की गं! काय वाचलं?"

हर्षिताने सांगितलं.

"सगळ्यांचं?" रत्नाबाई थोडा वेळ ओटाकरांकडे बघत राहिल्या. "तुझ्या जन्माआधी आम्ही धरमपेठेत खोली पाहाले गेलो होतो. मालकाच्या भिंतीवर ताम्रपट होता. त्याचा बाप स्वातंत्र्यासाठी जेलात जाऊन आलेला. लय चांगला बोलला आमच्याशी. चहा दिला. मग आडनाव विचारलं. मग म्हणे, खोली कालच गेली." त्या हसल्या. "चहा आधीच पिऊन झाला होता आमचा. कपाचं त्याले फार वाईट वाटलं असंन. याले विचार ना, यांच्या इथं खोली कोणाले देत होते?"

"आई, हे कसं विचारू?"

"काहून? विचाराले काय झालं?"

त्यांच्या आवाजात ठपका नव्हता. दुसऱ्याच्या घरी जेवताना भाजीत काय घातलंय ते विचारावं, तसं त्या विचारत होत्या. हर्षिताने जमेल तेवढं सौम्य करून विचारलं. ताम्रपटाचं आणि चहाचंही सांगितलं.

ओटाकर सावकाश खुर्चीच्या कडेला बसले. त्यांनी रत्नाबाईंकडे पाहिलं आणि नंतरचं सगळं त्यांच्याकडेच बघून सांगितलं, जणू त्यांना समजतच होतं.

"मला येऊन दोन वर्षं झाली होती. कोपऱ्यावरच्या पिवळ्या इमारतीत एका बस ड्रायव्हरने जागा घेतली. काळा माणूस, बायको, दोन मुलं. पहिल्या संध्याकाळी माणसं जमली. दुसऱ्या दिवशी जास्त जमली. तिसऱ्या दिवशी दगड आले, मग वरच्या खिडकीतून सामान खाली आलं. गाद्या, खुर्च्या. मुलाची सायकल."

"कोण माणसं?" हर्षिताने विचारलं.

"व्यायामशाळेतली. बेकरीतली. पळून आलेली आणि पळून आलेल्यांची मुलं."

"आणि तुम्ही?"

"मी घरी होतो. उकाडा होता, खिडकी उघडी होती." त्यांनी पायाजवळचं एक कच्चं सफरचंद उचलून बाजूला ठेवलं. "ते कुटुंब गेलं. पुढे कुठे गेलं, मी विचारलं नाही."

हर्षिताने आईला सांगितलं. रत्नाबाई उठून आत गेल्या आणि तिघांसाठी चहा घेऊन आल्या. ओटाकरांनी कप दोन्ही हातांनी धरला, पण चहा थंड होईपर्यंत ते प्यायले नाहीत.

*

तिसरा खर्डा

…त्यांना स्वातंत्र्य प्रिय होतं. स्वतःचं आणि

"'सगळ्यांचं' काढ," ओटाकर म्हणाले. आज ते आडवे झाले नव्हते.

"मग वाक्य 'स्वतःचं' वर संपतं. ते कसं तरी वाटतं."

"वाटू दे. खोटं बोलायचं नाही."

"तुम्ही दगड मारला नव्हता."

"मी काही मारलं नाही. तेच तर." त्यांनी बोटाने कागदावर टिचकी मारली. "मात्र एक न सांगितलेला नियम तुलाही माहीत असावा. मेलेल्या माणसाचं वाक्य मेलेला माणूस ठरवत नाही. वक्ता ठरवतो. मी तर माझ्या काकांचं निम्मं भाषण बदललं होतं. ते फार भांडले असते."

*

सप्टेंबरात, दुपारची झोप घेत असताना, ओटाकर गेले.

स्मशानात थोडीच माणसं होती. कुशल आला होता, वेळेवर. मागच्या रांगेत खरंच एक बहिरे गृहस्थ होते, कानामागे हात धरून. हर्षिता त्यांच्याकडे बघत मोठ्याने बोलली. पिल्झेन, पळून येणं, लेथ, पोहणं, रेडिओ. लोक मान खाली घालून ऐकत होते. मग ते वाक्य आलं.

त्यांना स्वातंत्र्य प्रिय होतं. स्वतःचं आणि


ती थांबली. रडू आलं नव्हतं. आवाजही ठीक होता. दूरच्या रस्त्यावरून एक ट्रक गेला. कोणीतरी बूट हलवला. एकेक जण मान वर करून तिच्याकडे बघू लागला, शेवटी हेलनही. सगळ्यांनी वर पाहिल्यावर हर्षिता पुढच्या वाक्यावर गेली. ओटाकर सफरचंदांचा मुरांबा वाईट करत, आणि तो सगळ्यांना वाटत.

नंतर व्यायामशाळेच्या खालच्या खोलीत कॉफी आणि केक होता. हेलन कप घेऊन थेट हर्षितापाशी आली. साठीकडे झुकलेली, वडिलांसारखेच मोठे कान.

"मध्येच तू थांबलीस. पान हरवलं होतं का?"

"नाही. पान होतं."

"मग तिथे काय होतं?"

हर्षिताने आईकडे पाहिलं. रत्नाबाईंना शब्द कळले नव्हते. हेलनचा चेहरा मात्र त्यांना कळला असावा. त्यांनी शेजारची खुर्ची ओढली, पदराने पुसली आणि हेलनपुढे सरकवली.

"आधी तिले बसू दे," त्या म्हणाल्या. "मग सांग."