दोनच्या डोसची टिक

ऑफिसातून घरी आले तेव्हा लेकीचं अंग पुन्हा तापलं होतं. कामांच्या यादीत मात्र दुपारी दोनच्या औषधासमोर हिरवी टिक होती. ती यादी आमच्या दोघांच्या फोनवर दिसते. घर शिस्तीत चालावं म्हणून नवऱ्यानेच ती आणलीय. टिक दिसली म्हणून मी दुपारनंतर फोनही केला नव्हता.

मी औषधाची बाटली उजेडात धरली. सकाळचा डोस देऊन मी लेबलवर पेनाने रेघ मारली होती, औषध अजून त्या रेघेवरच होतं.

"दोनचा डोस दिलास?"

"टिक आहे ना," लॅपटॉपवरची नजर न काढता तो म्हणाला.

"ती तू सकाळी नऊ वाजून चार मिनिटांनी केलीयेस. इथे वेळ दिसते."

"मी सगळ्या एकदम करून टाकतो. डोकं मोकळं राहतं. देणारच होतो गं, मीटिंग लांबली."

"तुझं डोकं मोकळं, आणि पोर तापाने फणफणलीय."

"हळू बोल, माझा माईक चालू आहे."

"राहू दे चालू. तुझी कामं कशी पूर्ण होतात ते साहेबांनाही कळू दे."

त्याने लॅपटॉप मिटला. मी डॉक्टरांना फोन केला, त्यांनी सांगितलं तसा डोस दिला. मग लेकीला मांडीवर घेऊनच उद्याच्या रजेचा अर्ज भरला. तो मागे उभा राहून वाचत होता, तरी कारणाच्या रकान्यात लिहिलं, 'मुलीकडे बघायला घरी कोणी नाही.'