पाचव्या मजल्याची खिडकी

सुबोधने कोपराला धरून शिवदासला गच्चीच्या कठड्यापाशी ओढलं.

"त्या भेगा राहू दे रे. खाली बघ. रतनबाईच्या टोपल्या उचलतायत."

शिवदासच्या हातात रिमोट होता. ड्रोन इमारतीच्या मागच्या भिंतीसमोर, सहाव्या मजल्याच्या उंचीवर घोंघावत उभा होता. पावसाळ्याआधी दुरुस्ती करून घ्यायची, म्हणून भिंतींच्या भेगा टिपायचं काम सोसायटीने शिवदासवर सोपवलं होतं. सेक्रेटरी या नात्याने सुबोधने पोलीस ठाण्यात अर्ज करून तीन दिवसांची परवानगीही आणली होती. आज दुसरा दिवस होता.

"परवानगी भिंतींची आहे, सुबोध."

"तिकडे बाईशी झटापट चाललीय आणि तू परवानगी वाचत बसलायस? वर घे. रस्त्यावर आण."

शिवदासने दोन्ही अंगठे हलवले. ड्रोन गच्चीवरून झुकत पुढे आला आणि फाटकासमोरच्या रस्त्यावर स्थिरावला. स्क्रीनवर पालिकेची गाडी दिसली, तिच्यात फेकलेल्या टोपल्या दिसल्या. मुलुंड पूर्वेच्या या रस्त्यावर रतनबाई चौदा वर्षं पालेभाजी विकत होती. तिने मेथीची टोपली दोन्ही हातांनी धरून ठेवली होती आणि समोरचा तरुण फौजदार ती ओढत होता. मग त्याने टोपली सोडली आणि हात उचलला. एकदा, आणि पुन्हा एकदा. स्क्रीनवर आवाज नव्हता. रतनबाई डांबरावर बसली. तिच्या तोंडून निघालेला आवाज गच्चीपर्यंत पोहोचला तो त्यानंतर.

"आलं का?" सुबोध त्याच्या खांद्यावरून वाकून बघत होता. "चेहरा आला का त्याचा?"

"आला."

"मला पाठव. आत्ताच्या आत्ता."

सुबोधने ती क्लिप तिथेच, कठड्याला टेकून, सोसायटीच्या ग्रुपवर टाकली. संध्याकाळपर्यंत ती मुलुंडभर फिरली. दुसऱ्या दिवशी एका वाहिनीने दाखवली. लिफ्टमध्ये, फाटकाशी, दूध आणायला गेल्यावर लोक शिवदासला थांबवून विचारू लागले. सुबोध सगळ्यांना सांगत होता, "आम्ही घेतलाय तो व्हिडिओ." आम्ही हा शब्द शिवदासला आवडला. अठ्ठावीस वर्षं कंपनीत मापक यंत्रं दुरुस्त करून त्याने दोन वर्षांपूर्वी स्वेच्छानिवृत्ती घेतली, तेव्हा हा ड्रोन घेतला होता. पंचावन्नाव्या वर्षी हे काय खूळ, म्हणून बिल्डिंग हसली होती. हसला नव्हता तो एकटा सुबोध. रविवारी ठाण्यापलीकडच्या माळावर हौशी मंडळी ड्रोन उडवायला जमत, तिथे सुरुवातीला सुबोधही त्याच्याबरोबर यायचा, डबा घेऊन.

चौथ्या दिवशी सकाळी पोलीस ठाण्यातून फोन आला. ड्रोन घेऊन अकरा वाजता या.

शिवदास जिना उतरत असताना सुबोध पाचव्या मजल्यावरून खाली आला. त्याने सदऱ्याची बटणं खालीवर लावली होती.

"घाबरू नकोस. शांतपणे बोल. मी आलोच मागून अर्ध्या तासात."

"तुझं नाव नाही येऊ देत मी," शिवदास म्हणाला. "सुशांतचं व्हेरिफिकेशन अडकायला नको."

सुबोधच्या मुलाला दुबईची नोकरी लागली होती. पासपोर्टची चौकशी याच ठाण्याकडे होती.

सुबोधने त्याचा दंड दाबला आणि तो वर गेला.

ठाण्यात वरिष्ठ निरीक्षकांनी त्याला लगेच आत बोलावलं. केस पिकलेले, थकल्या डोळ्यांचे गृहस्थ होते. त्यांनी चहा मागवला. तो व्हिडिओतला फौजदार कुठे दिसत नव्हता.

"परब साहेब, परवानगी कशासाठी होती?"

"इमारतीच्या भिंतींसाठी."

"रस्ता कोणाच्या सांगण्यावरून घेतलात?"

"कोणाच्या नाही. मीच घेतला."

"ग्रुपवर कोणी टाकला?"

"मीच."

साहेब त्याच्याकडे जरा जास्तच वेळ बघत राहिले. मग त्यांनी फाइल उघडली, एक कागद वेगळा काढला आणि टेबलावरून त्याच्याकडे सरकवला.

"हे अक्षर ओळखता?"

ओळखण्यासारखं काय होतं त्यात. उद्या सकाळी पाणी येणार नाही, गच्चीच्या किल्ल्या वॉचमनकडे ठेवल्या आहेत, सत्यनारायणाच्या पूजेला सर्वांनी यावे. बारा वर्षं सोसायटीच्या फलकावर हेच अक्षर होतं, सुबोधचं. शिवदासने चष्मा लावला.

वर सोसायटीचं नाव छापलेलं होतं. ड्रोन फक्त इमारतीच्या पाहणीसाठी वापरण्याच्या स्पष्ट सूचना श्री. शिवदास परब यांना दिलेल्या होत्या. रस्त्यावरील चित्रीकरण त्यांनी स्वतःच्या मर्जीने केले. सोसायटीचा त्याच्याशी संबंध नाही. इथवर शिवदास नुसता मान हलवत वाचत गेला. पुढचा परिच्छेद त्याने वाचला आणि पुन्हा वाचला.

'सदर इसमाबाबत महिला रहिवाशांच्या तक्रारी आहेत. फेब्रुवारी महिन्यात श्री. परब यांनी पाचव्या मजल्यावरील माझ्या घराच्या खिडकीसमोर ड्रोन आणून माझ्या सुनेचे ती केस पुसत असताना चित्रीकरण केले. याची कबुली त्यांनी स्वतः मला दिली आहे. त्यांना वेळोवेळी तोंडी समज देण्यात आली होती.'

"खोटं आहे का हे?" साहेबांनी विचारलं.

खोटं आहे, असं म्हणायला शिवदासने तोंड उघडलं. फेब्रुवारीत गच्चीवरच्या टाकीचं झाकण तपासायला त्याने ड्रोन वर नेला होता आणि वाऱ्याच्या झोताने तो इमारतीच्या बाजूला फेकला गेला होता. चार सेकंद, फार तर पाच. खिडकीत सुबोधची सून प्रांजल होती, डोकं वाकवून ओले केस पंच्याने पुसत. तिचं लक्षही नव्हतं. शिवदासला त्या दिवशी जेवण गेलं नव्हतं. संध्याकाळी तो वर गेला होता, सुबोधला बाहेर बोलावून जिन्याच्या वळणावर उभं केलं होतं आणि सगळं सांगितलं होतं. त्याच्या देखत क्लिप पुसली होती. सुबोध हसला होता. म्हणाला होता, "वेडा आहेस का तू? दुसरा कोणी असता तर बोलला तरी असता का?"

"वाऱ्याने गेला होता," शिवदास म्हणाला. "मीच जाऊन सांगितलं त्याला."

"ती क्लिप कुठे आहे?"

"पुसली. त्याच्यासमोरच पुसली."

"म्हणजे होती."

शिवदासने कागद खाली ठेवला. सहीखालची तारीख परवाची होती. परवा संध्याकाळी सुबोध त्याच्याकडे येऊन बसला होता. शिवदासच्या बायकोने, सुहासिनीने, घावणे केले होते. सुबोधने चार खाल्ले, चटणी परत मागून घेतली आणि जाताना दारात म्हणाला, काही झालं तरी आम्ही आहोत.

"त्या भाजीवाल्या बाईंचाही जबाब झालाय," साहेब म्हणाले. त्यांचा आवाज चढलेला नव्हता. "कोणी मारलं नाही, गडबडीत पाय घसरून पडले, असं म्हणतात त्या. वाचायचाय?"

"नको."

ड्रोन, रिमोट, मेमरी कार्ड आणि फोन यांचा पंचनामा व्हायला दोन तास लागले. परवानगीच्या अटी मोडल्याचा गुन्हा नोंदवला गेला. बोलावलं की हजर राहायचं, अशी नोटीस हातात देऊन त्यांनी त्याला जाऊ दिलं. सगळा वेळ त्याची नजर दाराकडे जात होती. हा कागद वाचल्यावरही सुबोधची वाट का बघतोय आपण, हे त्याचं त्यालाच कळत नव्हतं.

तो चालतच परतला. फाटकासमोर रतनबाई आपल्या जागेवर बसली होती. टोपल्या नव्या होत्या. दहा पावलांवर एक हवालदार सावलीला उभा होता आणि त्याने तिला उठवलं नव्हतं. शिवदासला बघताच तिने मेथीच्या जुड्यांवर पाणी मारायला सुरुवात केली. तो जवळून जाताना ती मान वर न करता पुटपुटली,

"भाऊ, मला हितंच बसायचंय ओ."

"हो," शिवदास म्हणाला. तिच्यावर त्याला रागावता येईना.

लिफ्टपाशी प्रांजल उभी होती, कडेवर दोन वर्षांची मुलगी आणि हातात पिशवी. शिवदास येऊन थांबला. लिफ्ट खाली आली, दार उघडलं. प्रांजलने पिशवी दुसऱ्या हातात घेतली आणि ती जिना चढू लागली. पाच मजले. शिवदास लिफ्टचं दार धरून उभा राहिला, मग तोही आत न शिरता जिन्यानेच गेला, पण ती बरीच वर जाईपर्यंत थांबून. आपल्या दुसऱ्या मजल्यावर तो थांबला नाही. पाचव्यावर जाऊन त्याने बेल वाजवली.

सुबोधने दार उघडलं, साखळी न काढता.

"शिवा. निघणारच होतो मी, तेवढ्यात..."

"कागद वाचला मी."

आत टीव्ही चालू होता. सुबोधने मागे वळून पाहिलं, आवाज खाली केला.

"सुशांतचं तुला माहितीये. त्यांनी सरळ सांगितलं, सेक्रेटरी म्हणून तूच अडकशील. मी काय करणार होतो?"

"ते समजलो असतो मी. तसंच सांगून आलो तिथे, सगळं मीच केलं म्हणून." शिवदासला दम लागला होता. "प्रांजलचं का घातलंस?"

"नुसतं आम्हाला माहीत नव्हतं म्हटलं तर ऐकत नव्हते रे ते. काहीतरी ठोस द्या म्हणाले."

"ते ठोस मी तुला दिलेलं होतं, सुबोध. मी स्वतः येऊन."

सुबोधने साखळीवर बोट फिरवलं. मग एकदम चिडल्यासारखा म्हणाला,

"मग कशाला सांगितलंस? तू सांगितलं नसतंस तर मला कळलं असतं का? मी लिहिलं असतं का?"

आतून कोणीतरी विचारलं, कोण आहे. सुबोध म्हणाला, "कोणी नाही." आणि दार लावून घेतलं.

शिवदास खाली आला. घराचं दार नुसतं लोटलेलं होतं. सुहासिनी जेवणाच्या टेबलाशी भेंडी चिरत होती. चार वाजायला आले होते, पण तिची आणि त्याची दोन्ही ताटं अजून पालथी होती. त्याने नोटीस तिच्यासमोर ठेवली. तिने ती वाचली नाही.

"जेवून घ्या."

"ड्रोन ठेवून घेतला त्यांनी. फोनपण."

"हं."

तिने भेंडीचं देठ कापलं, बाजूला ठेवलं. तिचा फोन टेबलावर उलटा पडलेला होता. तो थरथरला. तिने बघितलं नाही. पुन्हा थरथरला.

"बायकांच्या ग्रुपवर प्रांजलच्या खिडकीचं आलंय," ती म्हणाली. "सकाळपासून तेच चाललंय. तळमजल्यावरच्या मालनताईंनी विचारलं, तुलाही कळलं नव्हतं का गं."

शिवदास खुर्चीत बसला. त्याने तिला सगळं सांगितलं. वारा, टाकीचं झाकण, चार सेकंद, जिन्याचं वळण. सांगताना त्याच्या लक्षात आलं, की आज हे तो दुसऱ्यांदा सांगतोय आणि दुसऱ्यांदा सांगताना ते पाठ केल्यासारखं वाटतंय.

सुहासिनीने सुरी खाली ठेवली.

"सुबोधभावजींना सांगितलंत. मला नाही सांगितलंत."

"तुला उगाच... काय सांगायचं, म्हटलं. झालं गेलं."

"तीन महिने झाले."

बाहेर कोणाच्या तरी घरी कुकरची शिट्टी झाली. सुहासिनी हात पदराला पुसत होती. ते कोरडे झाले तरी पुसत होती. मग तिने विचारलं, अगदी हळू, त्याच्याकडे न बघता,

"अहो, एकदाच गेला होता ना तो खिडकीसमोर?"

शिवदास तिच्याकडे बघत राहिला. एकतीस वर्षांत तिने त्याला इतक्या जपून काही विचारलेलं नव्हतं. पोलीस ठाण्यातल्या साहेबांनीसुद्धा नाही.

तो उठला आणि कोपऱ्यातल्या टेबलावरचा कॉम्प्युटर लावला. दोन वर्षांत उडवलेलं सगळं त्यात साठवलेलं होतं, महिन्यांप्रमाणे, दिवसांप्रमाणे. यंत्रं दुरुस्त करणाऱ्या माणसाची सवय.

"सगळं आहे इथे," तो म्हणाला. "बघायचं तर बघ."

हे तो बोलला ते तिने नको म्हणावं म्हणून. ठेवा हो, जेवायला चला, असं काहीतरी. त्याने अगदी पहिली फीत लावली. ठाण्यापलीकडचा माळ, वाळलेलं गवत, आणि खाली चेहरे वर करून उभी असलेली पाच-सहा माणसं. मग दुसरी. मिठागरांचे चौकोन, त्यांच्यावरून सरकत गेलेली ड्रोनची इवलीशी सावली.

सुहासिनी त्याच्या मागे उभी होती. थोड्या वेळाने ती आत गेली. स्वयंपाकघरात नळ सुरू झाला, बंद झाला. शिवदासने श्वास सोडला आणि बंद करण्यासाठी माऊसवर हात ठेवला.

ती परत आली तेव्हा तिने चष्मा लावलेला होता. जेवणाच्या टेबलाशी असलेली खुर्ची तिने ओढत आणली, पडद्यासमोर नीट लावली आणि बसली.

"पहिल्यापासून लावा," ती म्हणाली.