खिडकीचं गाणं

मी एक जुना स्पीकर आहे. जुना म्हणालो म्हणून लगेच हळहळू नका, मित्रांनो. माझ्या पडद्याला चीर गेली आहे, जाळीत कापसाचा कचरा अडकला आहे, रंग तर कुठला होता हे मलाही आठवत नाही. पण मी माळ्यावर पडलेलो नाही. युसूफ वडगाव ते केज अशी रोज धावणाऱ्या पाशाभाईंच्या जीपमध्ये, मागच्या बाकाखाली मी ठाण मांडून बसलो आहे आणि आजही वाजतो आहे. मला तिथून उपटायला निघालेल्यांना मी पुरून उरलो. कीव नको, तेवढी हकिगत ऐका.

माझी पेटी केजच्या मुंजाजी सुताराने एका मोडक्या दाराच्या फळ्यांतून ठोकली. दाराच्या कडीचं भोक त्यानं लांबी, म्हणजे पुट्टी, भरून बुजवलं होतं. खडीच्या रस्त्यानं महिन्याभरात ती लांबी पाडली आणि त्या भोकातून माझा खर्ज असा काही घुमू लागला की पाशाभाई खूश झाले. "पोट मोठं हाय गड्याचं," म्हणाले, "आवाज लई भारी येतो." ती माझी पहिली शाबासकी. पुढे वर्षानुवर्षं मी वऱ्हाडं नाचवली, उरुसाला कव्वाल्या ऐकवल्या, निवडणुकीत ज्याचा झेंडा जीपवर लागेल त्याचा जयजयकार केला. मला कुणी विचारलं नाही, तुला काय वाजवायला आवडतं. स्पीकरला कोण विचारतो!

आमच्या जीपचा एक कायदा आहे. ड्रायव्हरशेजारच्या खिडकीत जो बसेल, त्यानं सांगितलेलं गाणं लागायचं. हा कायदा पाशाभाईंच्या वडिलांपासून चालत आला आहे. ड्रायव्हरचे कान रस्त्यासाठी असतात, गाण्यात त्यानं नाक खुपसू नये, असं ते म्हणायचे. त्यामुळे सकाळी खिडकीसाठी जी ढकलाढकली होते ती वाऱ्यासाठी होत नाही, गाण्यासाठी होते.

एके दिवशी त्या खिडकीत ऋतुजा येऊन बसली. ही मुलगी केजच्या एका फोटो स्टुडिओत कामाला आहे. लोकांच्या लग्नाच्या व्हिडिओंना गाणी जोडते. तीच तीच गाणी, तोच तोच हळदीचा ठेका, दिवसभर. कान विटले तेव्हा ती मोबाईलवर दुसरं काही शोधू लागली आणि तिला एक वेगळीच दुनिया सापडली. कुठल्या मोठ्या कंपनीनं न काढलेली गाणी. कुणी पोरानं आपल्या खोलीत बसून, कॉम्प्युटरवर, मिक्सरचा आणि पावसाळी गटाराचा आवाज मिसळून केलेली. कुणी डोंगरातल्या मुलीनं गिटार घेऊन, आपल्या बोलीत, जणू स्वतःशीच म्हटलेली. गिटारवाल्या गाण्याला इंडी म्हणतात आणि कॉम्प्युटरवरच्याला इलेक्ट्रॉनिक म्हणतात, असं ती सगळ्या जीपला समजावून सांगायची. "एकदाच ऐका. न्हाई आवडलं तर मी उद्या मागं बसते," अशी तिची पैज असायची.

खरं सांगतो मित्रांनो, तिनं लावलेलं पहिलं गाणं माझ्या पोटात उतरलं आणि मी थरारलो. इतकी वर्षं मी नुसता ओरडत होतो. इथे पहिल्यांदा मला हळू बोलायला सांगितलं होतं.

पण त्याच दिवशी फजितीही झाली. त्या गाण्याची सुरुवात एका लांबलचक, खोल घुरघुरीनं होते. ती वाढत जाते, मग एकदम सगळं थांबतं, एक श्वासभर काहीच नसतं आणि त्यानंतर ठेका पडतो. घुरघुर सुरू झाली मात्र, पाशाभाईंनी करकचून ब्रेक दाबला. "बेरिंग गेली! उतरा समदे!" गाण्यात हरवलेली ऋतुजा सोडून सगळे उतरले. जॅक लागला, चाक हलवून पाहिलं, रोजचा प्रवासी धोंडीराम धोतर आवरून गाडीखाली शिरला. काहीच नाही. आत घुरघुर सुरूच. शेवटी ऋतुजानं खिडकीतून डोकं बाहेर काढलं. "पाशाचाचा, गाडीचं न्हाई वो, गाण्याचं हाय ते."

त्यानंतर केजच्या स्टँडवर पाशाभाईंना तोंड दाखवायची सोय राहिली नाही. दुसरे जीपवाले लांबूनच हाका मारत, "कावून थांबलता बे पाशा? गाणं पंक्चर झालं का?" पाशाभाई लाल व्हायचे. एकदा तर त्यांनी सगळ्यांदेखत शपथ घेतली, "अल्ला कसम, आता ह्या घुरघुरीला मी गाडी थांबवणार न्हाई!"

ऋतुजा मात्र हटली नाही. रोज एक नवं गाणं आणि परतीला एक जुनं. भाजीची पाटी घेऊन येणाऱ्या वच्छलाबाई सुरुवातीला तोंडाला पदर लावून म्हणायच्या, "काय गं बाई हे, पिठाची गिरणी बिघडल्यावानी!" पण आठवड्याभरात त्याच विचारू लागल्या, "आज ते भुंग्याचं न्हाई का?" घुरघुरीच्या गाण्याचं नाव त्यांनी भुंग्याचं ठेवलं होतं. मग सगळ्याच गाण्यांची बारशी झाली. डोंगरातल्या मुलीचं ते रुसलेल्या पोरीचं, गटाराच्या आवाजाचं ते टाकीचं. भुंग्याच्या गाण्यात तो श्वासभराचा थांबा आला की अख्खी जीप गप्प व्हायची आणि ठेका पडला की वच्छलाबाई पाटीवर थाप मारायच्या. त्यांची थाप कधी चुकली नाही.

हे ज्याला खुपलं तो विजयसिंह. गावच्या पुढाऱ्याचा, काकासाहेबांचा पुतण्या. त्याचा वाढदिवस म्हणजे चौकाचौकात फलक. रंगीत दिव्यांची नवी साउंड सिस्टीम तो पाशाभाईंना फुकट द्यायला तयार झाला. अट एकच. त्यावर काकासाहेबांच्या प्रचाराचीच गाणी वाजायची आणि हा मोडका डबा उतरवायचा. डबा म्हणजे मी. "अन् त्या पोरीचं खिडकीचं खूळ बंद करा पाशाभाई," तो म्हणाला. "लोकं हसतेत तुमाला."

शेवटचं वाक्य पाशाभाईंच्या वर्मी लागलं. ते हो म्हणून बसले. येत्या बाजाराच्या दिवशी केजला पोचलं की फैजान इलेक्ट्रिशियन मला काढणार आणि नवं बसवणार, असं ठरलं. ऋतुजाला कळलं त्या दिवशी तिनं मोबाईल पिशवीतच ठेवला. नुसती खिडकीबाहेर बघत राहिली. मला रडू येत नाही, पण राग येतो. मला काढायचं तर काढा! पण दिवसभर दुसऱ्यांची गाणी लावणाऱ्या मुलीला एक गाणं आपलं मिळतं, तेवढंही तुमच्या डोळ्यांत सलावं?

बाजाराच्या दिवशी जीप गच्च भरली होती. आपली सिस्टीम लागताना पाहायला विजयसिंहही आला. खिडकीत बसायला गेला, तर तिथे वच्छलाबाई आधीच मांडीवर पाटी घेऊन बसलेल्या, ऋतुजा त्यांना खेटून.

"मावशी, मागं व्हा," तो म्हणाला.

"कावून? मी काय फुकट बसले?" वच्छलाबाई म्हणाल्या. "ऋतुजा, लाव गं भुंग्याचं. शेवटचं तर शेवटचं, पर पुरं लाव."

विजयसिंहाला मागच्या बाकावर, अगदी माझ्या डोक्यावर बसावं लागलं. मी मनात म्हटलं, बस बाबा, आज तुला ऐकवतोच.

भुंगा घुमू लागला. आम्ही पाटाच्या चढावर आलो होतो. पलीकडे मोठा उतार आणि खाली पाटाच्या काठाशी वळण. तेवढ्यात माझ्या लक्षात आलं, माझ्या आवाजात आणखी एक आवाज मिसळतो आहे. तो माझा नव्हता. खालून, डाव्या चाकातून येत होता. पण मी स्पीकर! जे तारेतून येतं तेच मी बोलणार. ओरडून सांगावं तर कसं? पाशाभाईंचे कानही घुरघुरीला सरावले होते. ते निवांत गाडी हाकत होते.

मग गाण्यातला तो थांबा आला. मी गप्प झालो. संपूर्ण गप्प. आणि घुरघुर चालूच राहिली.

सगळ्या जीपनं एकदम माना वर केल्या. वच्छलाबाईंचा हात पाटीवर तसाच थांबला. "पाशा, हे गाण्यातलं न्हाई!" त्या ओरडल्या. "थांबव!" धोंडीराम ओरडला. ऋतुजानं मोबाईलला जोडलेली तार उपटून हातात धरली. "चाचा, बघा, गाणं बंद हाय!"

"हिचीच थेरं हायेत ती," विजयसिंह मागून म्हणाला. "पुन्यांदा हसू करून घेता का पाशाभाई? चला पुढं!"

पाशाभाईंचा पाय क्षणभर अडखळला. स्टँडवरचं ते हसू, ती शपथ, सगळं त्यांच्या मानेवर दिसत होतं. पण मग त्यांनी ब्रेक दाबला. उताराच्या तोंडाशी जीप उभी राहिली. सगळे उतरले, पुन्हा जॅक लागला. या खेपेला चाक हलवून पाहायचीही गरज पडली नाही. त्याच्याजवळ नेलेला हात चटका लागून मागे आला. बेरिंग खरोखर गेली होती. उतारावर चाक निखळलं असतं तर बाया, पोरं, भाजी, सगळं पाटात गेलं असतं.

 पाशाभाई चाकाशी उकिडवे बसून होते. मग उठले आणि म्हणाले, "विजयदादा, तुमची दिव्याची पेटी वापस न्या."

"अहो, चाकाचा अन् त्या डब्याचा काय संबंध?" विजयसिंह चिडला.

"संबंध हाय. ह्यायचे कान तयार झाले म्हणून आपण जित्ते हाव. तुमी अन् मी, दोघंबी ऐकतच नव्हतो." मग ऋतुजाकडे वळून म्हणाले, "बेटा, ठेका राहिला ना गं? गाडी नीट झाली की तिथूनच लाव."

विजयसिंह दुसऱ्या गाडीला हात करून निघून गेला. तो परत आमच्या जीपमध्ये बसलेला नाही. स्टँडवर अजून हसतात, हसू द्या. आता पाशाभाईच त्यांना सांगतात, "या, बसा, एकदाच ऐका."

तेव्हा मित्रांनो, जुन्या वस्तूंना जपा वगैरे मी सांगणार नाही. धूळ तर तुम्ही दिवाळीला पुसताच. मला ती काळजी नको आहे. युसूफ वडगावला याल तेव्हा लवकर या आणि खिडकी पकडा. तुमच्या आवडीचं, कुणालाच ठाऊक नसलेलं गाणं घेऊन या. लोक हसले तरी लावा. आणि दुसऱ्या कुणी लावलं तर हसायच्या आधी ते पुरं ऐका. माझी चीर वाढते आहे, हे मला कळतं. एक दिवस मला उतरवावं लागेलच. खुशाल उतरवा. पण गाणं चालू असेल, तर आधी ते संपू द्या.