लंकाबाईची सावड

दादाभाऊनं पँट गुडघ्यापर्यंत दुमडली, चपला बांधावर काढल्या आणि समोर बघतो तर त्याचं खाचर माणसांनी भरलेलं! सगळे वाकून ओळीनं भाताची आवणी करत, रोपं लावत होते. क्षणभर त्याला वाटलं, आपण चुकून दुसऱ्याच्याच बांधावर आलो की काय.

पण ओळीच्या टोकाला आरती होती, त्याची बायको. तिनं मान वर न करताच सांगितलं,

"सावड आलीया. मी समद्यांच्यात जाऊन आले. तुमी मंचरला व्हता ना."

डिंभे धरणाच्या वरच्या अंगाला अजून ही रीत होती. आज मी तुझ्या शेतात, उद्या तू माझ्या. दिवसाची फेड दिवसानंच, पैशाचं नावही काढायचं नाही.

दादाभाऊ मंचरला वेल्डिंगच्या दुकानात कामाला होता आणि महिनाभर त्याच्या डोक्यात मस्कत घोळत होतं. भगवंत नावाच्या दोस्तानं तिथल्या कंपनीत त्याच्यासाठी जागा धरली होती. व्हिसा आला होता. परवा मंगळवारी निघायचं, नाही तर जागा दुसऱ्याला. पगार ऐकून आधी तोंडाला पाणी सुटलं, पण दुरून डोंगर साजरे. खोलीचं भाडं पगारातून कापणार, जेवण आपलं आपण, घरी चार शब्द बोलायचे तरी फोनचं कार्ड विकत घ्या. अन् इकडं खाचर पडीक राहिलं तर घरात तांदूळही विकतचा. मजूर लावावेत तर मस्कतची कमाई इथल्या चिखलात.

"मग आवणीचं काय?" असं तो दर खेपेला आरतीला विचारायचा. खरं तर त्याला उत्तर नकोच होतं. तिनं एकदा तरी 'नका जाऊ' म्हणावं, यासाठी त्याचा जीव तुटत होता. पण ती पक्की. तुमच्या मनात असंल तर जा, मी कशाला आडवी येऊ, एवढंच म्हणायची. आता तर तिनं आवणीचा प्रश्नही मिटवून टाकला होता. राहायला कारणच उरलं नव्हतं.

तो चिखलात उतरला. हाताची सवय मोडली होती. त्याची रोपं तिरकी बसायची आणि बायका हसायच्या. शेजारी आरतीच्या बांगड्या कोपरापर्यंत सारलेल्या होत्या, गालावर चिखल उडाला होता. तिला पुन्हा असं कधी बघायला मिळणार?

दुपारच्या आतच खाचर उरकलं. सगळे बांधावर भाकरीला बसले. आरती बांधालगतच्या ओढ्यावर पातेलं घासायला गेली.

"चला, समद्यांचं फिटलं म्हणायचं," दादाभाऊ जड आवाजात म्हणाला.

"माजं कुठं फिटलं?" वरच्या खाचरातली म्हातारी लंकाबाई म्हणाली. तिची आवणी दरसालची शेवटची. "माज्याकडं तुमचं कुणी आलंच न्हाई अजून. शुक्रवारी हाय माजी आवणी."

"येईल की आरती."

"ती न्हाई यायची. तिनंच मला बोलावलं. म्हणली, मावशे, तू ये, फेडायला आमचं हेच येतील."

दादाभाऊनं ओढ्याकडं बघितलं. आरती पाठमोरी होती. पातेलं कधीच लख्ख झालं होतं, तरी ती घासतच होती.

"एक माणूस कमी पडत व्हतं," ती तिकडूनच म्हणाली.

दादाभाऊनं हिरव्यागार खाचराकडं नजर टाकली. सूर्य अजून डोक्यावरही आला नव्हता.

मग हातावरची भाकरी संपवून त्यानं विचारलं,

"मावशे, शुक्रवारी न्याहारी करून येऊ, का तुज्याकडंच?"

"माज्याकडंच की," लंकाबाई म्हणाली.

आरतीनं आता कुठं पातेलं दगडावर उपडं घातलं.